मधुमेही मांजरासाठी इन्सुलिनची सिरिंज: कशी निवडावी, कशी विकत घ्यावी

मांजराला मधुमेह असल्याचे निदान झाले आणि पशुवैद्यांनी दिवसातून दोन वेळा इन्सुलिन टोचायला सांगितले, की घरातल्या सगळ्यांची काळजी त्या टोचण्याभोवतीच फिरू लागते. त्याला दुखेल का, ते हातातून निसटेल का, आपला हात थरथरेल का, अशा शंकांनी पहिली रात्र जाते. प्रत्यक्षात टोचणे आठवडाभरात अंगवळणी पडते, कारण ही सुई केसासारखी बारीक असते आणि खाण्यात गुंग असलेल्या बऱ्याच मांजरांना ती लागल्याचे कळतही नाही. ज्या गोष्टीकडे सुरुवातीला कोणाचे लक्ष जात नाही, पण जिच्यात चूक झाली तर मांजराच्या जिवावर बेतू शकते, ती म्हणजे औषधाच्या दुकानातून आणलेली सिरिंज. म्हणून या लेखात आजाराची माहिती किंवा आहाराची चर्चा न करता केवळ सिरिंजची निवड, खरेदी आणि हाताळणी यांचा विचार केला आहे. इन्सुलिन कोणते आणि किती द्यायचे, हे अर्थातच पशुवैद्यच ठरवतील.

आधी कुपीवरचा आकडा वाचावा

सिरिंज घ्यायला निघण्यापूर्वी इन्सुलिनची कुपी हातात घेऊन तिच्यावरचा एक आकडा शोधावा. युनिट हे इन्सुलिनच्या मात्रेचे माप आहे, द्रवाच्या आकारमानाचे नव्हे, ही गोष्ट एकदा नीट समजली की पुढचे सारे सोपे होते. एका मिलिलिटरमध्ये किती युनिट इन्सुलिन विरघळवले आहे, ते कुपीवर छापलेले असते. ४० युनिट प्रति मिलिलिटर असेल तर त्याला यू-४० म्हणतात आणि १०० युनिट असेल तर यू-१००. भारतात ही दोन्ही प्रकारची इन्सुलिने एकाच दुकानात, पुष्कळदा एकाच फ्रिजमध्ये शेजारीशेजारी ठेवलेली असतात. माणसांसाठीच्या ह्युमन इन्सुलिनच्या १० मिलिलिटरच्या ज्या कुप्या आपल्याकडे सर्रास मिळतात, त्या बहुतांशी यू-४० असतात, तर मांजरांसाठी बऱ्याचदा लिहून दिले जाणारे ग्लार्जिन, म्हणजे लँटस किंवा बेसालॉग या नावांनी मिळणारे इन्सुलिन, यू-१०० असते. खास प्राण्यांसाठी तयार होणारी प्रोझिंक आणि कॅनिन्सुलिन ही दोन्ही इन्सुलिने यू-४० आहेत.

काही कुप्यांवर ३०/७० असेही आकडे असतात. तो शक्तीचा आकडा नव्हे. लवकर काम करणारे आणि सावकाश काम करणारे इन्सुलिन कोणत्या प्रमाणात मिसळले आहे, एवढेच तो सांगतो. पशुवैद्यांनी साधे एनपीएच, म्हणजे काहीही न मिसळलेले सावकाश काम करणारे इन्सुलिन, लिहिले असताना दुकानदाराने ३०/७० पुढे केले, तर ते वेगळे औषध आहे हे ओळखून परत करावे. आणखी एक अपवाद लक्षात ठेवावा. तुजेओ या नावाने मिळणारे ग्लार्जिन ३०० युनिट प्रति मिलिलिटर इतके तीव्र असते आणि ते केवळ पेनमधूनच, म्हणजे औषध आत भरलेल्या पेनसारख्या उपकरणातूनच, द्यायचे असते. त्या पेनमधले औषध सिरिंजने कधीही ओढू नये.

कुपीचा आकडा आणि सिरिंजचा आकडा एकच हवा

सिरिंज ही मुळात मोजपट्टी आहे. तिच्या नळीवरच्या रेघा मिलिलिटरच्या नसून युनिटच्या असतात, आणि त्या एका ठरावीक शक्तीचे इन्सुलिन आत भरले आहे असे गृहीत धरूनच आखलेल्या असतात. यू-४० सिरिंजवर १ युनिटची रेघ ०.०२५ मिलिलिटरला येते, तर यू-१०० सिरिंजवर ती ०.०१ मिलिलिटरला येते. गजाच्या पट्टीने कापड मोजून मीटरच्या भावाने पैसे घेतले तर हिशेब जसा फसेल, तसाच हा हिशेब फसतो. फरक इतकाच की तो भरून काढणे दर वेळी हाती राहत नाही.

समजा, मांजराचा डोस २ युनिट आहे आणि इन्सुलिन यू-१०० आहे. घाईत यू-४० सिरिंज घेऊन तिच्या २ च्या रेघेपर्यंत औषध भरले, तर आत ०.०५ मिलिलिटर द्रव आला, म्हणजेच २ ऐवजी ५ युनिट इन्सुलिन मांजराच्या अंगात गेले. चार-पाच किलो वजनाच्या प्राण्याला अडीचपट डोस मिळाला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीखाली उतरू शकते. उलट दिशेची चूक वरवर निरुपद्रवी दिसते, पण तीही फसवी आहे. यू-४० इन्सुलिन यू-१०० सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ०.८ युनिटच जाते. साखर उतरत नाही, म्हणून पशुवैद्य डोस हळूहळू वाढवत ५ पर्यंत नेतात. त्या सिरिंजवरचे ५ म्हणजे खरे २ युनिट असल्यामुळे मांजर सुधारते आणि सगळे निर्धास्त होतात. मग एके दिवशी दुकानात नेहमीचा माल नसतो, योग्य म्हणजे यू-४० सिरिंज हाती येते, ती ५ पर्यंत भरली जाते आणि या वेळी खरोखरच ५ युनिट आत जातात. म्हणूनच पहिल्या तपासणीच्या वेळी औषधाबरोबर वापरात असलेली सिरिंजही पशुवैद्यांना दाखवावी, असा माझा आग्रह असतो.

टोपणाचा रंग ही मदत आहे, पुरावा नव्हे. प्रचलित पद्धतीनुसार यू-४० सिरिंजचे टोपण लाल आणि यू-१०० चे नारिंगी असते. दिव्याच्या पिवळट उजेडात आणि झोपेतून उठलेल्या डोळ्यांना हे दोन रंग सहज एकसारखे वाटतात. माझ्या बोक्यासाठी मी पहिल्यांदा सिरिंज आणायला गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने "चाळीसची की शंभरची?" असे विचारले आणि मी गोंधळलेला पाहून "काही फरक नाही, सारखीच असते" असे सांगत नारिंगी टोपणाचे पाकीट हातात ठेवले. घरी कुपी आणि सिरिंज शेजारी ठेवून पाहिल्यावर फरक लक्षात आला. तेव्हापासून रंगावर विसंबणे मी सोडले असून नळीवर छापलेला आकडा दर वेळी वाचतो.

चुकीचा डोस गेल्याचे लक्षात आले, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना लगेच फोन करावा आणि मांजर खात असेल तर त्याला खायला द्यावे. अंग ढिले पडणे, झोकांड्या जाणे, एकाएकी वखवखल्यासारखी भूक लागणे, सुस्ती आणि शेवटी झटके ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. मांजर खाण्याच्या स्थितीत नसेल तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचे घट्ट पाणी बोटाने चोळावे. शुद्ध हरपलेल्या प्राण्याच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. हे करत असतानाच दवाखान्याकडे निघावे.

नळी जितकी लहान, तितके माप अचूक

आकडा जुळला की पुढचा प्रश्न सिरिंजच्या आकाराचा. माणसांना पुष्कळदा वीस-तीस युनिट घ्यावे लागतात, मांजराची सुरुवात मात्र बहुधा १ किंवा २ युनिटांनी होते आणि पुढचे बदलही अर्ध्या-अर्ध्या युनिटाने केले जातात. त्यामुळे माणसाला चालणारी अर्ध्या युनिटाची चूक मांजराच्या बाबतीत निम्म्या डोसाची चूक ठरू शकते.

यू-१०० सिरिंज साधारणपणे तीन मापांत मिळते: १ मिलिलिटर म्हणजे १०० युनिटची, ०.५ मिलिलिटर म्हणजे ५० युनिटची आणि ०.३ मिलिलिटर म्हणजे ३० युनिटची. १ मिलिलिटरच्या यू-१०० सिरिंजवर बहुधा दर २ युनिटांनी एक रेघ असते, म्हणजे १ युनिट मोजण्यासाठी पहिल्या रेघेच्या आत अंदाज करावा लागतो. ती मांजरासाठी घेऊ नये, कितीही स्वस्त मिळाली तरी. ०.३ मिलिलिटरची नळी बारीक असल्यामुळे तिच्या रेघा एकमेकींपासून दूर पडतात, आणि तिच्याच काही प्रकारांत मधे अर्ध्या युनिटाच्या रेघाही असतात. ग्लार्जिनसाठी अर्ध्या युनिटाच्या खुणांची ०.३ मिलिलिटरची यू-१०० सिरिंज ही सर्वांत चांगली निवड होय. प्रत्येक ०.३ च्या सिरिंजवर अर्ध्या युनिटाच्या खुणा असतातच असे नाही, त्यामुळे पाकीट नीट वाचूनच पैसे द्यावेत.

यू-४० च्या बाबतीत आपल्याकडे सर्वत्र मिळते ती १ मिलिलिटरची, ४० युनिटची सिरिंज. डिस्पोव्हॅनसारखी लाल टोपणाची सिरिंज बहुतेक मेडिकलमध्ये सापडते. तिच्यावर १ आणि २ युनिटांची रेघ नीट दिसते, परंतु दीड युनिट द्यायचे झाले तर दोन रेघांच्या मधोमध थांबावे लागते. यू-४० मध्ये तितक्याच युनिटांसाठी अडीचपट द्रव लागत असल्यामुळे हा अंदाज यू-१०० इतका नाजूक नसतो. परदेशात प्राण्यांसाठी ०.३ मिलिलिटरच्या, अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेल्या यू-४० सिरिंजही मिळतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांची अडचण मात्र उलट्या बाजूची आहे. तिथे माणसांच्या औषधाच्या दुकानांत यू-१०० सिरिंजच असतात, त्यामुळे प्रोझिंक लिहून दिले असेल तर यू-४० सिरिंज पशुवैद्यांकडून किंवा प्राण्यांच्या औषधांच्या दुकानातून मागवावी लागते.

अनुभवी मंडळी कधी कधी यू-४० इन्सुलिन मुद्दाम ०.३ मिलिलिटरच्या यू-१०० सिरिंजने देतात. १ युनिट यू-४० म्हणजे त्या सिरिंजवरच्या पूर्ण युनिटाच्या अडीच रेघा, त्यामुळे अशा एका रेघेला ०.४ युनिट पडतात आणि फार बारीक बदल करता येतात. गणित बरोबर आहे. तरीही नवख्याने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण घरात दोन जण आळीपाळीने इंजेक्शन देत असतील तर अडीचचा गुणाकार कोणी केला आणि कोणी नाही, यात घोळ होतोच. पशुवैद्यांनीच तसे सुचवले, तर त्यांच्याकडून "इतक्या युनिटांसाठी इतक्या रेघा" असा तक्ता लिहून घ्यावा आणि तो फ्रिजच्या दारावर चिकटवावा.

इन्सुलिनच्या पेनविषयीही विचारणा होते. पेनचा डोस बहुधा पूर्ण युनिटांत फिरतो, अर्ध्या युनिटाची पेने कमी असतात, आणि १ युनिटासारख्या लहान डोसाला पेनची अचूकता तितकी भरवशाची नसते. म्हणून पुष्कळ पशुवैद्य पेनची ३ मिलिलिटरची काट्रिज, म्हणजे पेनमध्ये बसणारी औषधाची नळी, घेऊन तिच्यातून सिरिंजने औषध ओढायला सांगतात. यात हिशेबही आहे. दिवसाला ४ युनिट लागणाऱ्या मांजराला १० मिलिलिटरची यू-१०० कुपी, म्हणजे १००० युनिट, संपवायला २५० दिवस लागतील, पण उघडलेले लँटस २८ दिवसांनंतर वापरू नये असे त्याच्या वेष्टनावरच लिहिलेले असते. त्या मुदतीत जेमतेम ११२ युनिट लागतात, त्यामुळे ३०० युनिटची काट्रिज पुरून उरते. काट्रिजमधून औषध ओढताना आत हवा भरू नये आणि एकदा सिरिंज टोचलेली काट्रिज पुन्हा पेनमध्ये बसवू नये.

सुईचा गेज आणि लांबी

सुईच्या जाडीचा आकडा उलटा चालतो: गेज जितका मोठा, तितकी सुई बारीक. २९ गेजची सुई सुमारे ०.३३ मिलिमीटर जाड असते, ३० गेजची ०.३० आणि ३१ गेजची ०.२५. मांजराला यांतली कोणतीही चालते. ३१ गेजची सर्वांत कमी टोचते, मात्र ती चटकन वाकते.

लांबीचा विचार अधिक करावा लागतो. बाजारात ६, ८ आणि १२.७ मिलिमीटर लांबीच्या सुया असतात. कातडीची चिमूट उचलून तिच्या तळाशी सुई घालायची असल्यामुळे १२.७ मिलिमीटरची सुई एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर येण्याचा आणि औषध केसांवर सांडण्याचा धोका असतो. पर्शियनसारख्या दाट केसांच्या मांजराच्या बाबतीत ६ मिलिमीटरची सुई कधी कधी कातडीखाली नीट पोचतच नाही. बहुतेकांना ८ मिलिमीटरची सोयीची पडते. सुई नळीला कायमची जोडलेली असावी, वेगळी बसवण्याची नसावी, कारण जोडाच्या पोकळीत थोडे औषध अडकून राहते आणि १ युनिटाच्या डोसात तेवढेही मोठे ठरते.

दुकानात काय मागावे

"मांजराची इन्सुलिनची सुई द्या" एवढेच सांगू नये. पशुवैद्यांच्या चिठ्ठीवर इन्सुलिनचे नाव, त्याची शक्ती, सिरिंजचा यू-आकडा, मिलिलिटर, गेज आणि लांबी हे सगळे लिहून घ्यावे आणि ती चिठ्ठी, शक्य असल्यास इन्सुलिनच्या रिकाम्या खोक्यासह, काउंटरवर ठेवावी. चिठ्ठी प्राण्याची असल्याचे पाहून एखादा दुकानदार कां-कूं करतो, त्यामुळे तिच्यावर पशुवैद्यांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का असल्याची खात्री आधीच करावी. ०.३ मिलिलिटरची सिरिंज गल्लीतल्या प्रत्येक मेडिकलमध्ये नसते. ती मागवून घ्यावी लागते किंवा मोठ्या रुग्णालयाजवळच्या दुकानात पाहावी लागते. ती मिळेपर्यंत दुसरे काहीतरी चालवून घेण्याची वेळ येऊ नये, म्हणून किमान दोन आठवड्यांचा साठा हाताशी असताना पुढची खरेदी करावी. दिवसाला दोन या हिशेबाने महिन्याला साधारण ६० सिरिंज लागतात, त्यात वाकलेल्या आणि हातून पडलेल्या धरून ७० घ्याव्यात.

पहिल्याच वेळी शंभराचे खोके घेण्याचा मोह टाळावा. दहाचे एक पाकीट आणावे, हाताला ती सिरिंज बसते का, रेघा वाचता येतात का, दट्ट्या गुळगुळीत सरकतो का, हे पाहावे आणि मगच मोठी खरेदी करावी. पाकिटावरची मुदत पाहावी, वेष्टन फाटलेले किंवा ओलसर झालेले नाही ना ते तपासावे. वेष्टनाची एक बाजू कागदाची असेल, तर पावसाळ्यात, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कारण कागद भिजला की आतली सुई निर्जंतुक राहिली आहे असे समजता येत नाही. ऑनलाइन मागवताना छायाचित्रावर विसंबू नये, वर्णनातील यू-आकडा वाचावा आणि पार्सल उघडल्यावर नळीवरचा आकडा पुन्हा पाहावा. कंपनी बदलली तरी हीच तपासणी पहिल्यापासून करावी.

पहिली सिरिंज भरताना

मांजराला हात लावण्यापूर्वी दोन-तीन सिरिंज सरावासाठी बाजूला काढाव्यात आणि वाटीतले पाणी ओढून बघावे. दट्ट्याच्या रबराची सुईकडची जी कड नळीला टेकलेली असते, ती रेघेवर यायला हवी. मागची कड पाहून मोजले की डोस चुकतो. चष्मा लागत असेल तर तो घालावा, आणि हे काम टेबलाशी बसून चांगल्या उजेडात करावे. सरावाच्या सिरिंज नंतर टाकून द्याव्यात.

प्रत्यक्ष डोस भरताना, इन्सुलिन एनपीएच किंवा प्रोझिंकसारखे गढूळ असेल तर कुपी दोन तळव्यांमध्ये हलकेच फिरवून घ्यावी. ग्लार्जिन पाण्यासारखे नितळ असते, ते फिरवावे लागत नाही आणि गढूळ दिसले तर टाकून द्यावे. कुपी असल्यास डोसाइतकी हवा आधी आत सोडावी, मग कुपी उलटी धरून डोसापेक्षा किंचित जास्त औषध ओढावे, नळीला टिचकी मारून बुडबुडे वर आणावेत आणि जादा औषध परत सोडत नेमक्या रेघेवर यावे. कातडीखाली गेलेला लहानसा बुडबुडा अपाय करत नाही, पण तो औषधाची जागा अडवतो आणि मांजराच्या डोसात ती जागा मोठी असते. काट्रिजमध्ये मात्र औषध परत सोडू नये, जादा औषध बाहेर टाकावे.

टोचताना औषध केसांवर सांडल्याची शंका आली, किती आत गेले ते कळले नाही, तर दुसरा डोस देऊ नये. पुढच्या वेळेपर्यंत थांबावे. एका वेळी साखर थोडी जास्त राहिली तर चालते, दुप्पट डोस चालत नाही. नव्या माणसाला हा नियम पाळणे सर्वांत जड जाते, असा माझा अनुभव आहे.

वापरलेल्या सुईचे काय करावे

सिरिंज एकदाच वापरायची असते. सुईला सहज शिरण्यासाठी सिलिकॉनचा पातळ लेप दिलेला असतो, तो पहिल्याच वापरात उतरू लागतो आणि टोक बोथट होते. दुसऱ्या वेळी तीच सुई टोचली की मांजर दचकते, आणि एकदा दचकलेले मांजर पुढच्या वेळी सिरिंजचे वेष्टन फाटल्याचा आवाज ऐकूनच पलंगाखाली जाऊन बसते. शिवाय वापरलेली सुई कुपीत गेली तर सगळी कुपीच दूषित होण्याचा धोका असतो. काटकसर करायची असेल तर ती खोके घेण्यात करावी.

वापरलेल्या सुया कधीही ओल्या-सुक्या कचऱ्यात मोकळ्या टाकू नयेत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया आणि सिरिंज घातक घरगुती कचऱ्यात धरल्या. आपला कचरा कोणीतरी हातांनी वेगळा करत असते, आणि ती सुई मांजराला टोचली होती की माणसाला, हे त्या हाताला कळत नाही. फिनेल किंवा कपडे धुण्याच्या द्रवाची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची बाटली यासाठी उत्तम. टोचून झाल्याबरोबर सिरिंज टोपण न लावता थेट तिच्यात टाकावी, कारण बहुतेक वेळा स्वतःच्या बोटाला सुई लागते ती टोपण परत बसवतानाच. बाटलीवर मोठ्या अक्षरांत "वापरलेल्या सुया" असे लिहावे, ती मुलांच्या आणि मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवावी, तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करावे. बाटली स्वीकारतील का, हे पशुवैद्यांच्या दवाखान्यात आधी विचारून ठेवावे. दवाखान्यांना असा कचरा ठरलेल्या यंत्रणेकडे सोपवावाच लागतो, त्यामुळे पुढच्या तपासणीला जाताना मांजराच्या पिंजऱ्याबरोबर ही बाटलीही नेता येते.